पिको-फॉलवाल्या इंदुबेन

सरकारी माणसानं कुणाच्या घरी गेल्यावर चपला कुठं काढाव्यात, हे नियमांच्या कुठल्याही पुस्तकात दिलेलं नाही. इंदुबेन पाटलांनी तो नियम स्वतःच करून टाकला होता. चपला उंबऱ्याच्या आत, दारामागे. बाहेर परक्या चपला दिसल्या की शेजारणीला प्रश्न पडतो, प्रश्न पडला की ती वाटीभर साखर मागायला येते, आणि जाताना साखरेबरोबर सगळी बातमी घेऊन जाते. “शुभा, आपलं अर्धं काम चपलांचं आहे,” असं त्या मला पहिल्याच दिवशी म्हणाल्या. मला वाटलं, बाईंचं डोकं जरा फिरलेलं दिसतंय.

इंदुबेन गेल्या त्याला येत्या नवरात्रात वर्ष होईल. खोटं कशाला सांगू, मला त्यांची आठवण निवांतपणी येत नाही. भर कामात येते. एखादी बाई समोर गप्प बसून राहते, पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहते, आणि मला काही म्हणता काही सुचत नाही. तेव्हा वाटतं, आत्ता त्या हव्या होत्या. शेजारच्या खुर्चीवर नुसत्या बसल्या असत्या तरी चाललं असतं.

आमचं काम प्रोबेशनचं. म्हणजे एखाद्या बाईच्या हातून पहिलाच गुन्हा घडलेला असतो, कोर्ट तिला तुरुंगात न धाडता चांगल्या वर्तणुकीच्या हमीवर घरी सोडतं, आणि ठरलेल्या मुदतीपर्यंत तिच्याकडे बघायला आमच्यासारख्या अधिकाऱ्याला सांगतं. तिनं दर महिन्याला कचेरीत हाजरी द्यायची, आम्ही अधूनमधून तिच्या घरी जायचं, आणि कोर्टाला अहवाल पाठवायचा. अहवाल वाईट गेला तर हमी मोडते आणि बाई आत जाते. एवढी साधी गोष्ट. ती साधी नाही हे मला इंदुबेननी शिकवलं, आणि त्यासाठी मला आधी एक मोठी चूक करावी लागली.

दिसायला बाई अगदीच बेताच्या. बुटक्या, सावळ्या, कानात दोन बारीक कुड्या. ज्या शहरात घरटी एक माणूस तरी सिंथेटिक साडीवर पोट भरतं, त्या सुरतेत त्या आयुष्यभर सुती साडी नेसल्या. वडील अमळनेरकडून येऊन उधन्याच्या गिरणीत लागलेले. घरात अहिराणी, शाळेत गुजराती, रस्त्यावर हिंदी. साहेबांशी त्या अशी लोण्यासारखी गुजराती बोलत की साहेब सही करून मोकळे होत आणि मग विचार करत बसत. माझे वडील बँकेतले, बदलीनं साताऱ्याहून इकडे आलेले. त्यामुळे माझं मराठी त्यांना फार गमतीचं वाटे. “बोल बाई बोल, पुस्तक उघड तुझं,” म्हणायच्या. मी चिडायची. चिडले की त्यांना आणखी चेव यायचा.

त्यांच्या मोबाईलमध्ये बायकांची नावं नव्हती. मेथी, गिलके, शेवगा, ओली हळद अशी सगळी मंडई भरलेली. बायकांच्या मोबाईलमध्ये इंदुबेनचा नंबर “पिको-फॉलवाली” या नावानं असायचा. साड्यांना पिको-फॉल करणारी बाई सुरतेत कुणाला कधीही फोन करू शकते, नवरा संशय घेत नाही, सासू कान टवकारत नाही. “साडी तयार आहे, बुधवारी घेऊन जा” म्हणजे बुधवारी हाजरी. एकदा एका बाईच्या सासूनं खरंच चार साड्या फॉल लावायला पाठवल्या. इंदुबेननी निमूटपणे घरी नेऊन लावून दिल्या. सासूनं फॉलला नावं ठेवली, तीही ऐकून घेतली.

दुसरी खोड म्हणजे अहवाल. जिच्याबद्दल लिहिलं, तिला तो वाचून दाखवल्याशिवाय पाठवायचा नाही. आमच्या कचेरीत यावर बरीच टिंगल व्हायची. एकदा मी त्यांच्या खोलीत फाइल द्यायला गेले, तर पाण्यावरून भांडण करून शेजारणीचं डोकं फोडलेली एक बाई समोर बसलेली, आणि इंदुबेन वाचतायत, “स्वभावाने तापट आहे.” बाई ताडकन म्हणाली, “बेन, मी तापट नाही. नळाला पाणी येत नाही तेव्हा तापते. तुम्ही येऊन राहा चार दिवस, बघू कशा थंड राहता!” मी मनात म्हटलं, आता ही बोलणी खाणार. इंदुबेननी पेन काढलं, ती ओळ खोडली आणि वर लिहिलं, “पाण्याची फार ओढाताण असलेल्या वस्तीत राहते.” मग मान वर करून विचारलं, “आता बरोबर?” बाई म्हणाली, “आता बरोबर. पण डोकं मीच फोडलं, तेपण राहू द्या.”

हाजरीचा दिवस त्यांनी साहेबांशी दोन महिने वाद घालून बदलून घेतला होता. आधी सगळ्यांना महिन्याच्या पहिल्या सोमवारी बोलवायचे. बाहेर बाकावर सगळ्यांची रांग, येणारा-जाणारा टकमक बघणार, आणि ज्या कारखान्यात जातात त्यांची पाळी बुडणार. इंदुबेन म्हणाल्या, “साहेब, बाईनं नीट काम करावं म्हणून आपण तिला बोलावतो, आणि बोलावून तिचं काम घालवतो. हे कुठलं शहाणपण?” शेवटी ज्या भागात कारखान्याची रजा ज्या दिवशी, त्या भागातल्या बायकांना त्या दिवशी, आणि एका वेळी एकीलाच, असं ठरलं. बाक त्यांनी उचलून मागच्या अंगणात नेऊन ठेवला. त्यावर आता मांजर झोपतं.

आता माझ्या चुकीकडे येते. टाळून चालणार नाही.

संगीता सोनवणे म्हणून एक बाई होती. पर्वत पाटियाजवळच्या एका साड्यांच्या कारखान्यात कामाला असताना तिनं सहा साड्या पोटाशी बांधून बाहेर काढल्या आणि दारावरच सापडली. नवरा आधीच सोडून गेलेला, पदरात दोन मुली, त्यातली मोठी पूजा. कोर्टानं तिला हमीवर सोडलं. मग ती नवागामला राहायला आली, कारण तिथं तिला कुणी ओळखत नव्हतं. घरबसल्या साड्यांना खडे चिकटवायचं काम मिळालं. हे काम सगळं विश्वासावर चालतं. गल्लीतली एक बाई व्यापाऱ्याकडून साड्यांचे गठ्ठे आणते आणि घरोघर वाटते. कुणाच्या घरी किती साड्या गेल्या, किती परत आल्या, सगळं तोंडी. अशा कामात “चोर” हा शब्द एकदा चिकटला की खड्यांसारखा तो निघत नाही.

इंदुबेन पायाच्या ऑपरेशनसाठी रजेवर होत्या, तेव्हा संगीताच्या घरभेटीला मी गेले. कशी गेले? कचेरीची जीप, गळ्यात ओळखपत्र, हातात फाइल. घर सापडेना, म्हणून पिठाच्या गिरणीसमोर जीप थांबवून मोठ्यानं विचारलं, “संगीता सोनवणे कुठं राहतात? प्रोबेशनवर आहेत त्या.” दळणाला आलेल्या सात-आठ बाया होत्या. एकीनं विचारलं, “ते काय असतं?” आणि मी, माझं पुस्तक उघडून, त्यांना समजावून सांगितलं हो! अजून आठवलं की अंगावर काटा येतो.

दुसऱ्या दिवसापासून संगीताकडे गठ्ठा येणं बंद झालं. शाळेतून येताना पूजाला पोरींनी चिडवलं. पुढच्या महिन्यात संगीता हाजरीला आली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. फोन बंद. साहेबांनी मला सांगितलं, दोन हाजऱ्या चुकल्या, आता कोर्टाला कळवायला लागेल. मी अहवाल लिहायला घेतला आणि पहिल्या ओळीवरच अडकले. सदर महिला संपर्कात नाही, असं लिहायचं होतं. ती संपर्कात का नाही, हे मला चांगलं ठाऊक होतं.

इंदुबेन काठी टेकत कचेरीत आल्या त्या दिवशी मी त्यांना सगळं सांगून टाकलं. त्या ओरडतील असं वाटलं होतं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या म्हणाल्या, “तू खरंच बोललीस. पण ते खरं तुझं नव्हतं, शुभा. तिचं होतं. तिनं कुणाला सांगायचं ते तिनं ठरवायचं.” मग विचारलं, “पापड लाटता येतात का तुला?”

मी म्हटलं, “नाही.”

“उत्तम. चल.”

उन्हाळा लागला होता. सुरतेतल्या खानदेशी वस्त्यांमध्ये तेव्हा उडदाच्या पापडांचा सपाटा चालू असतो. कुणीही बाई एकटीनं पापड लाटत नाही. जिच्या घरी पीठ कुटलेलं असेल तिथं गल्लीतल्या सगळ्या जणी आपापलं पोळपाट-लाटणं घेऊन जातात. आज तुझे, उद्या माझे. आणि ज्या घरी कुणी लाटायला जात नाही, ते घर वाळीत पडलं असं तोंडानं सांगावं लागत नाही. संगीतानं त्या दिवशी पीठ कुटून ठेवलं होतं, आदल्या दिवशी दारोदार बोलावणं केलं होतं, आणि एकही जण फिरकली नव्हती. हे इंदुबेनना आधी माहीत होतं का? होतं. गिरणीवाल्याच्या बायकोच्या मोबाईलमध्येही एक पिको-फॉलवाली होती.

आम्ही रिक्षानं गेलो. संगीता दार लावून बसली होती. मला बघून तिनं तोंड फिरवलं, आणि तिचं काय चुकलं? इंदुबेननी पिशवीतून आपलं लाटणं काढलं. ते त्यांच्या पिशवीत बाराही महिने असायचं. पापड, शेवया, पुरणपोळ्या, जिथं जे चालू असेल तिथं त्या हात लावायच्या. म्हणायच्या, नजर लाटण्यावर असली की बाई मोकळी बोलते. त्यांनी अहिराणीत विचारलं, “काय व संगीता, पीठ कथं शे?”

“बेन, राहू द्या. कुणी येत नाही.”

“आम्ही आलो ना. दार उघड, आणि चटई बाहेर ओट्यावर टाक.”

“ओट्यावर?” संगीता घाबरलीच. मीही. ज्या बाईनं जन्मभर चपला दारामागे लपवल्या, ती आता भर गल्लीत बसायला निघाली होती. इंदुबेन हळूच म्हणाल्या, “लपवायचं होतं तोवर लपवलं. आता ते उघडं पडलंय. आता आत बसलीस तर कायमची आत बसशील.” आणि आधी चपला काढल्या, त्या अगदी गल्लीच्या मधोमध.

बसलो. समोरच्या दारांतून डोळेच डोळे. एकीनं हटकलं, “तुम्ही कोण?” इंदुबेन लाटता लाटता म्हणाल्या, “कोर्टानं हिची जबाबदारी दिलीय ती मी. हिनं चूक केली, कोर्टानं ऐकलं, आणि घरी सोडलं. मी वर्षभर हिच्या घरी येते, एकदाही माझी मान खाली गेली नाही. आणि ही पोरगी माझ्या कचेरीतली. गिरणीवर बडबड केली ती हिनंच. म्हणून हिला शिक्षेला आणलीय.” गल्लीत कुणीतरी फिस्सकन हसलं. माझे कान लाल.

पण आलं कुणीच नाही. ऊन चढत गेलं. इंदुबेनचे पापड पातळ, गोल, एकसारखे. माझे? एकाला चार कोपरे, एकाच्या मधोमध भोक, एक लाटण्यालाच गुंडाळून बसलेला. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच. पूजा माझ्याकडे बघून तोंडावर हात धरून हसू दाबत होती. समोरच्या ओट्यावर केसरबाई नावाची सत्तरीची म्हातारी बसली होती. गठ्ठे वाटणाऱ्या बाईची ती सासू. तासभर तिनं ते पाहिलं. मग तिच्याच्यानं राहवेना. तरातरा उठून आली, माझ्या हातातलं लाटणं हिसकून घेतलं आणि म्हणाली, “हाऊ पापड शे का भाकर? तुले कोनी शिकाडं व? सरक तथी!”

ती बसली. पीठ नासलेलं तिला बघवेना, म्हणून बसली. त्यात दयामाया काही नव्हती. पण केसरबाई बसल्यावर तिची सून आली, सून आल्यावर शेजारीण. दुपारपर्यंत त्या ओट्यावर नऊ पोळपाट होते. संगीता लाट्या करून देत होती आणि मधेच बाहीनं डोळे पुसत होती. कुणीतरी म्हणालं, पिठातला पापडखार लागला असेल. सगळ्यांनी ते मान्य केलं. चौथ्या दिवशी तिच्याकडे गठ्ठा आला.

अहवाल इंदुबेननी माझ्याकडूनच लिहून घेतला. त्यात हाजऱ्या चुकल्याचं कारण म्हणून माझी गिरणीवरची करामत माझ्या सहीनिशी लिहिली. साहेबांनी मला खोलीत बोलावून चांगलं फैलावर घेतलं. संगीताची हमी मात्र टिकली.

मुदत संपली त्या दिवशी संगीता पेढे घेऊन आली. इंदुबेननी पेढा खाल्ला, फाइलची दोरी बांधली आणि म्हणाल्या, “आता ऐक. उद्यापासून मी तुला ओळखणार नाही. रस्त्यात भेटलीस तर तोंड फिरवीन. वाईट वाटून घ्यायचं नाही, आणि तूही हाक मारायची नाही.” संगीता रडायला लागली. मलाही ते फार कठोर वाटलं. ती गेल्यावर मी तसं म्हटलं, तर त्या म्हणाल्या, “गल्लीला माहीत आहे, पण ती काय जन्मभर त्याच गल्लीत राहणार? उद्या कुठं भेटलो आणि सोबतच्या माणसानं विचारलं, ही कोण, तर काय सांगेल ती? पोरी लग्नाच्या होतील. आपण तिच्या आयुष्यातलं असं पान आहोत, जे तिला फाडता आलं पाहिजे.” तेव्हा मला कळलं, बाजारातून जाताना या बाई मधेच थांबून नको असलेल्या टोमॅटोंचा भाव का करतात. समोरून कुणीतरी जुनी बाई येत असायची. इतक्या वर्षांत इतक्या जणींचं भलं केलं, आणि त्यांच्यातली एकही त्यांना रस्त्यात “कशा आहात?” म्हणू शकत नव्हती. मी असते तर मला जमलं नसतं.

निवृत्त झाल्यावर त्या अमळनेरला भावाकडे जायला निघाल्या. मे महिना, लग्नसराई, उधन्याचं स्टेशन खानदेशी माणसांनी नुसतं फुललेलं. त्यांना गाडीत बसवून मी खिडकीपाशी उभी होते. बोलायचं खूप होतं, आणि आम्ही पाण्याच्या बाटलीबद्दल बोलत होतो.

तेवढ्यात गर्दीतून हाक आली, “बेन! इंदुबेन!”

संगीता होती. सोबत पूजा, अंगभर नवी साडी, हातात हिरव्या बांगड्या. आणि एक धिप्पाड, करारी बाई. पूजाचं लग्न ठरलं होतं, ती होणारी सासू. पाहुण्यांना गाडीत बसवायला आल्या होत्या. संगीता धावतच खिडकीशी आली, तोंडभर हसत. इंदुबेननी एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा तिच्या मागून येणाऱ्या विहीणबाईंकडे. आणि अगदी परक्या, अदबीच्या आवाजात म्हणाल्या, “कोण बाई? माफ करा, नजर कमी झालीय माझी. दुसऱ्या कुणाला शोधताय का?”

संगीताचं हसू जागच्या जागी थिजलं. इंदुबेन पूजाकडे वळल्या. “लेक का तुमची? गोड आहे. सुखी राहा हो पोरी.” पूजानं खाली मान घातली. तिचे डोळे भरले होते. गाडी हलली. इंदुबेननी चेहरा आत वळवला आणि मांडीवरच्या पिशवीत काहीतरी शोधायला लागल्या. पिशवीत शोधण्यासारखं काही नव्हतं, ती मीच भरली होती. एवढंच मी त्यांचं शेवटचं पाहिलं: पांढऱ्या केसांचा लहानसा अंबाडा, आणि पिशवीत उगाच फिरणारा हात.

विहीणबाई पोचल्या होत्या. त्यांनी विचारलं, “कोण व्हत्यात त्या?”

काहीतरी बोलावं, पिको-फॉलवाली म्हणावं, म्हणून मी तोंड उघडलं. पण संगीता माझ्याआधी बोलली. गाडीकडे बघत, सगळ्यांना ऐकू जाईल अशी. “माझ्या प्रोबेशनच्या बाई. मी साड्या चोरल्या होत्या, तेव्हा कोर्टानं मला यांच्या हाती दिलं. यांच्यामुळं मी तुरुंगात गेले नाही आणि माझ्या पोरी शिकल्या. तुम्हाला आज ना उद्या सांगणारच होते.”

पूजानं आईचा हात घट्ट धरला. विहीणबाईंनी संगीताकडे पाहिलं, पूजाकडे पाहिलं, मग निघालेल्या गाडीकडे. मला वाटलं, संपलं, मोडलं लग्न.

“मंग चहा तरी पाजाले जोयजे व्हता ना त्यासले,” त्या रागानं म्हणाल्या. “अशी कशी तशीच जाऊ दिनी तू?”

इंदुबेनना हे फोनवर सांगायचं नाही, समोर बसून सांगायचं, असं मी ठरवलं होतं. दिवाळीत जाणार होते. नवरात्र त्याच्या आधी येतं.